तरुण सोबत हवी

श्यामसुंदर परचुऱ्यांना शब्द वाया गेलेले खपत नसत. छत्तीस वर्षं त्यांनी तार ऑफिसात काढली होती. कुठून कुठून आलेला माणूस खिडकीशी उभा राहायचा आणि पानभर मजकूर सांगायचा. आईला एकाएकी कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, मामा कसे डोक्याला हात लावून बसलेत. परचुरे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि लिहायचे, "आई गंभीर. निघ." शब्दागणिक दर पडायचा आणि त्या माणसाचा खिसा केवढा आहे ते खिडकीतून दिसायचं. तेव्हा ही काटकसर म्हणजे एक प्रकारची दयाच होती. पुढे नोकरी संपली, मग तारही बंद झाली, पण ही दया काही सुटली नाही. घरी ते बायकोला "चहा" एवढंच म्हणत. सुनीतीबाईही पेठेतच वाढलेल्या असल्यामुळे त्या "संपला" एवढंच म्हणत, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

ह्या गृहस्थांकडे सोबत मंडळाचं सचिवपद होतं, थेट १९८१ पासून. सदाशिव पेठेत पिठाच्या गिरणीवरची एक खोली, तिथे मंडळाचं ऑफिस. काम एकच. ज्याला कोणी नाही त्याच्याबरोबर हॉस्पिटलात जायचं. एक्स-रे काढताना त्याची पिशवी धरायची, ऑपरेशन असेल तर बाहेर बाकावर बसायचं, संध्याकाळी रिक्षानं घरी आणून सोडायचं आणि कोणती गोळी कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावायचं. उपदेश नाही, देणगी नाही, नुसती सोबत. अशा प्रत्येक फेरीला मंडळात 'खेप' म्हणत. सदतीस वर्षांत एकही खेप चुकलेली नव्हती. ह्याचा परचुऱ्यांना मोठा अभिमान होता आणि तो ते कोणाला दाखवत नसत, म्हणजे तो सगळ्या पेठेला माहीत होता.

आता अडचण काय झाली ते सांगतो. मंडळ निघालं तेव्हा सभासद होते चाळिशीतले. ते सगळे एकदमच म्हातारे झाले, कारण त्यांच्यामागून कोणी आलंच नाही. २०१८ साली एकोणीस सभासद उरले होते. त्यातल्या सहांना मंडळाचा जिना चढता येई, आणि त्या सहांतल्या दोघांना वर आल्यावर कशासाठी आलो ते आठवत नसे.

बरं, प्रयत्न केले नाहीत असं नाही. अध्यक्ष दिगंबरपंत हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एका कॉलेजात 'आजचा तरुण आणि सेवाभाव' ह्या विषयावर सव्वा तास भाषण केलं. शेवटपर्यंत दोघेच बसले होते, एक झोपलेला विद्यार्थी आणि दुसरा किल्ल्या घेऊन थांबलेला शिपाई. मग मंडळानं सभासदत्वाचा अर्ज छापला, चार पानी. त्यात पाच वर्षांपासून ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या शिफारशी मागितल्या होत्या. एकही अर्ज आला नाही. तेव्हापासून प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात एक वाक्य कायमचं होऊन बसलं, "तरुण पिढीला सेवेची गोडी उरलेली नाही." ते वाक्य परचुऱ्यांच्याच अक्षरात असे.

अशातच सोजरबाईंचं प्रकरण झालं.

सोजरबाई मंडईत पालेभाजी विकत. राहायला बिबवेवाडीला. तिथे एके काळी सासऱ्यांचं शेत होतं, त्यावर आता सहा मजले उभे होते आणि सोजरबाई त्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एकट्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की मेथी आणि शेपू त्या वासावरून ओळखत. डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात मोफत ऑपरेशनची तारीख मिळाली आणि सोबतीला गेले स्वतः परचुरे. दुसरं होतंच कोण? तिथे रांगेत तासभर उभे राहिले आणि एकाएकी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली कोसळलेच. सिस्टर धावल्या, स्ट्रेचर आलं. इकडे सोजरबाईंच्या डोळ्यांत ऑपरेशनआधीचे थेंब घालून झालेले, समोरचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. तरी ती बाई चाचपडत उठली, परचुऱ्यांचा हात धरला आणि तीन तास सोडला नाही. आत नंबर पुकारला तेव्हा म्हणाली, "आधी यांचं बगा. माझा डोळा कुटं पळून चाललाय?" सिस्टरनं विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण? तर म्हणाली, "म्या यांची सोबत हाय." त्या गडबडीत तिची तारीख गेली. पुढची मिळाली सव्वा महिन्यानं, गुरुवारची. वर सिस्टरनं बजावलं की ह्या खेपेला पन्नाशीच्या आतलं माणूस आणा, नाहीतर ऑपरेशन होणार नाही, आणि ह्यानंतरची तारीख दिवाळीनंतरच.

त्या दिवसापासून परचुऱ्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. सदतीस वर्षं आपण दुसऱ्याचा हात धरला. आपला हात कोणी धरला की कसं वाटतं ते आपल्याला माहीतच नव्हतं. भाजी विकणाऱ्या, डोळ्यांनी अधू अशा बाईनं ते दाखवलं, आणि त्यापायी तिचा डोळा राहिला. काही झालं तरी ह्या गुरुवारी तिचं ऑपरेशन व्हायलाच हवं होतं. आणि पन्नाशीच्या आतलं माणूस मंडळात औषधालाही नव्हतं. परचुऱ्यांचा मुलगा जर्मनीत, शेजाऱ्यांची मुलं हिंजवडीला. त्यांना रजा काढा म्हटलं तर ती अशी बघत की बिचाऱ्यांना रजा म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागेल.

शनिवारी सभा झाली. दिगंबरपंत म्हणाले, "श्यामसुंदरराव, खेप चुकवून मंडळ चालवण्यापेक्षा सन्मानानं बंद करू. गुरुवारी माणूस मिळालं नाही तर पुढच्या सभेत विसर्जनाचा ठराव घेऊ. मी चार शब्द लिहून ठेवलेत."

"चार?" परचुऱ्यांनी विचारलं.

"अकरा पानं आहेत."

परचुरे घरी आले आणि त्यांनी एक कार्ड घेतलं. पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत हे त्यांना रोज दिसत होतं. स्पर्धा परीक्षा देणारी हजारो मुलंमुली, गावाकडून आलेली, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत खुर्चीला खिळलेली. इतकी वर्षं मंडळानं कॉलेजात भाषणं दिली, पण शेजारच्या जिन्यावर जाऊन कोणाला काही मागितलं नव्हतं. परचुऱ्यांनी आधी मजकूर व्यवस्थित लिहिला, की सोबत मंडळातर्फे एका वृद्ध महिलेबरोबर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात जायला तरुण सोबत हवी, वगैरे. मग हाताला सवय. खाली मंडळाचं नाव येणारच, तेव्हा वर कशाला? काढलं. कोणाबरोबर, कशासाठी ते आल्यावर सांगता येईल. काढलं. मग खाली लिहायचं मंडळाचं नावही फोन आला की कळेलच, म्हणून तेही काढलं. शेवटी उरलं ते असं:

"तरुण सोबत हवी. वय अठरा ते तीस. स्त्री असल्यास उत्तम. गुरुवार, सकाळी सात, मंडई. जेवण मिळेल. श्यामसुंदर परचुरे, वय पंच्याहत्तर." खाली पत्ता आणि फोन.

परचुऱ्यांनी ते दोनदा वाचलं. एक शब्द जास्त नाही. अशी तार आयुष्यात झाली नव्हती असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. त्याच्या तीन प्रती काढून त्यांनी संध्याकाळी तीन अभ्यासिकांच्या फळ्यांवर लावल्या.

रविवारी सकाळी आठला फोन सुरू झाले. पहिल्यात एक मुलगा म्हणाला, "काका, सोबत मिळाली का?" आणि मागे चारपाच जण खिदळले. दुसऱ्यानं विचारलं की जेवणात गोड काय आहे. तिसऱ्या फोनवर कोणी बाई होती, ज्येष्ठांच्या विवाहमंडळातून. ती मात्र मनापासून बोलली. तुमचं धाडस आवडलं म्हणाली, पण वयाची अपेक्षा जरा वाढवा म्हणाली. परचुऱ्यांना काही उमजेना. दुपारी दिगंबरपंतांच्या सुनेच्या मोबाइलवर त्याच कार्डाचा फोटो फिरत फिरत आला, तो त्यांनी आणून दाखवला. सुनीतीबाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आधी सांगायचंत. मी माहेरी गेले असते."

परचुऱ्यांच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. ते खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत.

"आणि 'जेवण मिळेल' म्हणजे?" सुनीतीबाईंनी पुढे विचारलं. "ते कोण करणार आहे?"

संध्याकाळी जाऊन परचुऱ्यांनी तिन्ही कार्डं काढून आणली. म्हणजे दोनच आणली, तिसरं आधीच कोणी तरी काढून नेलं होतं. ते का नेलं हे सोमवारी संध्याकाळी कळलं. दार वाजलं. दारात तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी उभी होती, पाठीवर पुस्तकांची सॅक, हातात ते कार्ड आणि चेहरा असा की बघून दार लावून घ्यावं.

"परचुरे कोण?"

"मी."

"लाज वाटती का काही?"

"वाटते," परचुरे म्हणाले. "रविवारपासून."

मागून सुनीतीबाई आल्या आणि म्हणाल्या, "आत ये बाळ. काय बोलायचंय ते बसून बोल. आमचे हे ऐकून घेतील, चूक त्यांचीच आहे."

मुलगी बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. नाव आनंदी, भोरच्या बाजूच्या एका गावची. राज्यसेवेचा अभ्यास करायला दोन वर्षांपूर्वी आलेली. रस्त्यानं जाताना मुलींना काय काय ऐकावं लागतं आणि वर हे असलं कार्ड अभ्यासिकेच्या फळ्यावर, हे तिनं एका दमात सुनावलं. परचुऱ्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग ते बोलू लागले. मंडळ कसं निघालं, सोजरबाई कोण, रांगेत काय झालं, तिनं हात कसा धरला, गुरुवारचं काय. तारेच्या दरानं हिशेब केला असता तर दिवाळं निघालं असतं इतकं ते बोलले. सुनीतीबाई चिवड्याची बशी हातात धरून दारात ऐकत राहिल्या, कारण लग्नाच्या पन्नास वर्षांत त्यांनी नवऱ्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

आनंदीचा आवाज उतरला. "म्हंजे ती सोबत असली सोबत व्हय," ती म्हणाली. "मग सरळ तसं लिहायचं ना, आजोबा. आम्ही तिकडं सगळ्या मिळून पोलिसात द्यायच्या गोष्टी करत होतो."

तिनं चहा घेतला, चिवडा खाल्ला. मग जरा थांबून म्हणाली, "एक विचारू? तुमची ही सोबत आम्हाला मिळती का?"

"तुम्हाला?"

"माझी रूममेट हाय, मैना. चार दिवस झाले, तापानं फणफणलीय. काल दवाखान्यात नेलं तर म्हणाले, ॲडमिट करावं लागंल, कोणी मोठं माणूस घेऊन या. कुठून आणू? तिच्या घरी कळलं तर आईबाप उद्याच्या एसटीनं घेऊन जातील, आणि एकदा नेली की लग्नच. तिनं तीन वर्षं घातलीत ह्यात. आम्ही पाच पोरी आळीपाळीनं बसतोय, पण आमच्यातलं मोठं माणूस म्हंजे मीच."

परचुऱ्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सदतीस वर्षांची जीभ मनाच्या आधी हलली. "मंडळाच्या घटनेत साठीच्या वरच्यांनाच सोबत देता येते," ते म्हणाले.

आनंदीनं कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "मग साठ पूर्ण झाल्यावर येतो आम्ही." आणि सॅक उचलून निघून गेली. रागानं नाही, अगदी साधेपणानं गेली, आणि तेच परचुऱ्यांना जास्त लागलं.

सुनीतीबाईंनी रिकामी बशी उचलली. "अहो, खेप चुकली," त्या म्हणाल्या.

"गुरुवारला अजून तीन दिवस आहेत."

"गुरुवारची नाही. आत्ताची."

परचुऱ्यांना इतिवृत्तातलं ते वाक्य आठवलं. आपण 'तरुणांना सेवेची गोडी नाही' असं इतकी वर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत आलो. ही तरुण मुलं तापानं फणफणून शेजारच्या इमारतीत पडत होती, आणि त्यांच्याकडे आपण फक्त भाषण घेऊन गेलो. कोणी तरी हे आज तोंडावर सांगितलं हे बरंच झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी उठून दिगंबरपंतांना फोन लावला.

"घटनादुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल," दिगंबरपंत म्हणाले. "एकवीस दिवसांची नोटीस."

"त्या मुलीला ताप घटना वाचून आलेला नाही," परचुरे म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी नवराबायको त्या मुलींच्या हॉस्टेलवर गेले. पत्ता अभ्यासिकेतून मिळाला. पुरुषांना वर जायला बंदी, म्हणून परचुरे खाली वॉचमनच्या स्टुलावर बसले. सुनीतीबाईंचे गुडघे असे की घरी देवापुढे बसायचं तरी पाट उंच लागे. त्या कठड्याला धरून दोन मजले चढल्या. अर्ध्या तासानं मैनाला दोघी मुलींच्या आधारानं घेऊन खाली उतरल्या. दवाखान्यात कागदावर मोठं माणूस म्हणून सही केली, सुनीती परचुरे. टायफॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. सुनीतीबाई दिवसभर तिथेच बसल्या, दुसऱ्या दिवशीही बसल्या. घरून मऊ भात आणि मुगाचं कढण नेलं. मैनानं एकदा तापात त्यांना आई म्हणून हाक मारली. त्यांनी "काय गं" म्हणून ओ दिली आणि कपाळावरची पट्टी बदलली.

ह्या दोन दिवसांत गुरुवारचा विषय काढायचा नाही, असं परचुऱ्यांनी बायकोला बजावलं होतं. "त्या पोरीला वाटेल, ह्यासाठी केलं. तसं वाटता कामा नये." मग बुधवारी संध्याकाळी ते एकटेच मंडईत गेले. सोजरबाई उरलेल्या कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या.

"माणूस मिळालं नाही," परचुरे म्हणाले. "मीच येतो. सिस्टरच्या हातापाया पडेन."

"नगा," सोजरबाई म्हणाल्या. "तुमी परत पडाल, म्या परत तुमाला धरीन, आन् डोळा ऱ्हाईल तो ऱ्हाईलच. दिवाळीनंतर जाऊ. एवढी वर्सं वासावर भाजी इकली, अजून चार म्हयने इकीन. जीवाला लावून घेऊ नगा, दादा."

तिचा हा समजूतदारपणा परचुऱ्यांना सोसवेना. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "उद्या सातला येतो," एवढं बोलून ते परतले.

गुरुवारी सकाळी सातला ते मंडईत पोचले तर सोजरबाई स्वच्छ धुतलेलं नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी गोणपाटावर मांडी घालून आनंदी. हातात इतिहासाचं पुस्तक.

"तू कशी?" परचुऱ्यांनी विचारलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायचं? कार्डावर होतं की. गुरुवार, सकाळी सात, मंडई." तिनं पुस्तक सॅकमध्ये टाकलं. "आजी बसल्यात मैनाजवळ. म्हंजे मी मोकळीच. आन् मैनाचा ताप रात्रीच उतरला. चला, रिक्षा बघा."

हॉस्पिटलात खिडकीवर सिस्टरनं आधी परचुऱ्यांकडे पाहिलं, ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. मग आनंदी पुढे झाली. वय विचारलं, चोवीस. कागद घेतला, सगळा नीट वाचला, जिथे समजलं नाही तिथे दोन प्रश्न विचारले आणि सही केली. सोजरबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले, हिरवा गाऊन दिला. आत जाताना त्यांनी हात मागे केला आणि आनंदीनं तो धरून दारापर्यंत नेला. दार लागलं.

बाहेर बाकावर दोघं बसली. आनंदीनं पुस्तक उघडलं, पण वाचलं काही नाही.

"आजोबा, शनिवारी कोणाची खेप हाय?" तिनं विचारलं.

"शनिवारी कर्वे रोडचे एक गृहस्थ आहेत. डायलिसिस. पण त्यांना मी..."

"ते संभाजी करंल. वारज्याचा हाय, आमच्या बॅचला. बाइक हाय त्याच्याकडं. मंगळवारी खेप असंल तर मी घेतली असती, पण माझी टेस्ट हाय, तर ती खेप आमच्यातली दुसरी कोणी तरी घेईल. ग्रुपवर टाकलंय. चौदा जणांनी नावं दिलीत. त्यांचं म्हणणं एकच, की आपल्यातलं कोणी आजारी पडलं तर आजी येतील ना? मी म्हटलं, येतील."

"येतील," परचुरे म्हणाले. "सगळेच येतील. आमच्यात उचलायची ताकद नाही, पण बसता येतं. दिगंबरपंत तर बसून पेशंटला भाषण देतील."

"चालंल. ताप उतरायला मदत हुईल."

परचुरे हसले. मग त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. "आनंदी, मी तुझा फार आभारी आहे," ते म्हणाले. "तू आली नसतीस तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी मनापासून आभारी आहे."

"मैनाजवळ आजी बसल्या तेव्हा आम्ही म्हटलं का काही?"

"नाही म्हटलं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि आता खरंच वाचू लागली.

पाऊण तास गेला असेल. आतलं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. "सोजरबाईंबरोबर कोण आहे?"

परचुरे उठले. ह्या प्रश्नाला सदतीस वर्षं ते उठत आले होते. किती हॉस्पिटलांत, किती बाकांवरून, किती परक्या नावांसाठी उठले होते ह्याची गणती नव्हती. पाय आपोआपच सरळ झाले. पण ते पुरते उभे राहायच्या आत आनंदी पुढे गेली होती.

"मी हाय," तिनं सांगितलं. मग मागे वळून परचुऱ्यांकडे बघून म्हणाली, "बसा तुम्ही."

आणि ती आत गेली.

परचुरे बसले. दार उघडंच राहिलं होतं. आतून सोजरबाईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारणारा, आणि आनंदीचा आवाज आला, मीच हाय आजी, झालं सगळं नीट. परचुऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. आपल्याला कोणी तरी बसायला सांगितलं, आणि आपण बसलो तरी आत कोणी तरी आहे, हे सुख त्यांना आजपर्यंत ठाऊक नव्हतं. देवा, फार उपकार झाले, असं ते त्या बाकावर बसून दोनदा मोठ्यानं म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी न विचारताच त्यांच्या हातावर हात ठेवला.